तुरीची मान

कोंबड्या मनातलं बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. धोंडाईच्या परसातल्या तुरी कोंबडीने अधाशासारखं वाळकं गवत गिळलं आणि तिच्या गळ्याखालची पिशवी दगडासारखी टणक झाली.

"अगं, धोंडाईला दाखव," बदक म्हणालं.

"नको रे बाबा! घरात पाहुणे आलेत. तिच्या हाती मान दिली की रस्साच व्हायचा माझा!"

तुरी सरपणामागे लपली, पण धोंडाईने तिला धरलंच. थेंब थेंब कोमट पाणी पाजलं, फुगवटा हलक्या हाताने चोळला आणि दाणा न देता तिला टोपलीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी मोकळी झाली आणि तुरीला कडकडून भूक लागली.

"आणि पाहुणे?" बदकाने विचारलं.

"पिठलं खाऊन गेले," असं म्हणत तुरीने आपण होऊन धोंडाईच्या हातावर मान टेकवली.