कमानीवरचं नाव

"…पण बुवा, देवाच्या दारात दिव्यांवर माणसाचं नाव पळवायचं, ही जाहिरातच झाली की नाही?"

केरोबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ टेकडीवर उतरू लागली होती.

श्रीरंगला उत्तर नको होतं, होकार हवा होता. उत्तरं त्याच्याकडे भरपूर होती. तो कारखान्यात इंजिनियर होता आणि सुट्टीच्या दिवशी बुवांकडे नम्रता शिकायला येत असे. त्यात आपली बरीच प्रगती झाली आहे, असं त्याचं मत होतं.

यंदा त्याने पालखीसाठी मठाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी कमान उभारली होती. बांबूच्या कामट्या, त्यावर पतंगाचा कागद, आत एलईडीच्या माळा. कोणत्या दिव्याने कधी कोणता रंग घ्यायचा, याचा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. अंधार पडला की कमानीवर मोर पिसारा फुलवणार होता.

म्हणजे, वीज मिळाली तर.

दुपारीच मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष जयसिंगराव येऊन सांगून गेले होते. कमानीच्या माथ्यावर त्यांचं नाव पळालं पाहिजे, पालखी आल्यापासून जाईपर्यंत. नाहीतर मीटरच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात आहे, आणि खिसा त्यांचा आहे.

"मी तोंडावर 'नाही' म्हणालो," श्रीरंग म्हणाला. "दिवे कचऱ्यात टाकीन म्हटलं, पण तुमचं नाव लावणार नाही."

"बरं केलंस."

श्रीरंगची मान थोडी ताठ झाली.

"मग तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझं? ते माझ्या पाया पडतात. ऐकत नाहीत."

"मग मी काय करू? अंतरीचा दिवा लावून बसू?"

"अंतरीचं राहू दे. मला तुझा मोर बघायचाय."

चाचणीपुरती एक लहान बॅटरी श्रीरंगच्या पिशवीत होती. त्याने ती जोडली. कमानीच्या माथ्यावरून सोनेरी अक्षरं झुळकन पळाली… श्रीरंग… आणि विझली. मग मोर आला. पिसारा अर्धा उघडला आणि बॅटरी संपली.

बुवांनी एक शेंग फोडली.

"मोर छान आहे. आधी काय पळालं?"

"ते काही नाही. चाचणी. सुरू होताना सगळे दिवे लागतात का ते बघायला."

"असं."

"काहीतरी अक्षरं घालावीच लागतात, बुवा."

"पालखी आली की तीच पळणार?"

"एकदाच. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"मग काढायला हरकत नाही."

"पण मी केलंय हे," श्रीरंग म्हणाला. आवाज चढला होता. "दोन महिने खपून. त्यांनी काय केलं? खिशात किल्ली ठेवली. त्यांचं नाव आणि माझं नाव एकच का?"

"छे. तुझं अक्षर सुबक आहे."

बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले.

श्रीरंगने लॅपटॉप उघडला. एक ओळ पुसणं त्याला सबंध प्रोग्राम लिहिण्याहून जड गेलं.

"काढलं," तो घुश्शात म्हणाला. "आता कुठे आहे वीज?"

बुवा उठले. ओट्याच्या कोपऱ्यात लाऊडस्पीकरची मोठी बॅटरी होती. तो लाऊडस्पीकर जयसिंगरावांनीच मठाला दिला होता आणि भोंग्यावर तसं रंगवूनही घेतलं होतं. यंत्र जुनं, बॅटरीशिवाय दुसऱ्या कशावर न चालणारं. दर पौर्णिमेला पालखी त्यांच्या भाषणासाठी ताटकळत असे.

बुवांनी दोन्ही वायरी उपसल्या आणि बॅटरी पायाने श्रीरंगकडे सरकवली.

"ही पुरेल?"

"पुरेल… पण तुमचं कीर्तन?"

"गळा आहे."

"आणि अध्यक्षांचं भाषण?"

बुवांनी धोतरावरची टरफलं झाडली.

"बुवा, उद्या ते तुम्हाला मठातून काढतील."

"उद्या ना? मोर आज आहे."

पालखी आली तेव्हा कमानीवर दिव्यांनी रेखलेली एकेक पणती लागत वर गेली आणि मोराने सगळा पिसारा उघडला. माथा कोरा होता. भोई थबकले. एका म्हातारीने शेजारच्या श्रीरंगला विचारलं, "कुणी केलंय रं हे?"

श्रीरंगने तोंड उघडलं… आणि मिटलं.

जयसिंगरावांनी आधी मोर पाहिला. मग मीटरची पेटी पाहिली; कुलूप जागेवर होतं. मग ते माइकपाशी गेले आणि त्यांनी त्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग ते तरातरा ओट्याकडे आले.

"बॅटरी कुठंय, बुवा?"

बुवांनी मोराकडे बोट दाखवलं.

"मठाची जागा ट्रस्टची आहे, विसरू नका."

"नाही विसरलो."

"एवढी माणसं जमलीत. आता मी बोलायचं कसं?"

"हळू," बुवा म्हणाले. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल."