कातळावरची तिसरी ओळ

डोंगराच्या उतरणीवर, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका रानात एक साळू राहत असे. ती बोलायला फटकळ, पण मनाने स्वच्छ होती. आपल्याला एखादी गोष्ट खरी वाटली, की ती खरीच असते, असा तिचा ठाम समज होता. आणि बाळांनो, पुष्कळदा ती खरी असेही! त्यामुळे कोणी "कशावरून?" असे विचारले, की तिला भारी राग येई. अंगावरचे काटे फुलवून ती म्हणे, "मी सांगते म्हणून!" समोरचा बिचारा त्या काट्यांकडे पाही आणि काढता पाय घेई.

त्या रानात पाण्याचा एकच झरा होता. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक काळा कातळ होता आणि पाणी कोणी कधी प्यावे याचे नियम जुन्या काळच्या प्राण्यांनी त्याच्यावर कोरून ठेवले होते. नियम आहेत हे सर्वांना ठाऊक होते. ते वाचायला मात्र कोणी फारसे जात नसे. एका वर्षी उन्हाळा असा तापला, की झऱ्याचे नुसते डबके उरले. एके दिवशी सकाळीच एक दांडगा रानडुक्कर आपला कळप घेऊन आला आणि त्या डबक्यात खुशाल लोळू लागला. काठावर सशाची पिल्ले कोरड्या जिभांनी नुसती बघत राहिली.

साळूला ते पाहवेना. ती ओरडली, "उठा तिथून! झरा काय तुमच्या एकट्याचा आहे?"

रानडुक्कर जागचा हललासुद्धा नाही. तो म्हणाला, "कातळावर काय लिहिलंय, माहीत आहे का? 'मोठे जनावर पाण्यावर आले, की लहानांनी वाट द्यावी.' आम्ही मोठे, तुम्ही लहान. आम्ही उठलो, की मग तुमची पाळी." आणि उठण्याचा तर त्याचा मुळीच विचार दिसत नव्हता.

प्रकरण म्हाताऱ्या गव्याकडे गेले. रानातले तंटे तोच सोडवी. आरडाओरडा त्याला सोसत नसे, म्हणून तो दोन्ही बाजूंना ओल्या वाळूवर उत्तर लिहायला लावी. त्याने प्रश्न घातला, 'आज झऱ्याचे पाणी आधी कोणी प्यावे?' रानडुकराने सुळ्याने कातळावरचे ते वाक्य लिहिले. साळूने पंजाने झरझर लिहिले, 'लहानांनी आधी प्यावे. हे सगळ्यांना ठाऊक आहे. रानडुक्कर फार दुष्ट आहे.'

गव्याने दोन्ही उत्तरे सावकाश वाचली. मग तो साळूला म्हणाला, "हे तुला काय वाटतं ते झालं. कातळ काय म्हणतो?"

"पण आजोबा, मी खरं तेच लिहिलंय!"

"असेलही. खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. पण तुझ्या वाटण्यावर आणि माझ्या वाटण्यावर मी निकाल कसा देऊ? त्याने निदान एक वाक्य तरी दाखवलं. तू काय दाखवलंस? जा, ऊन उतरेपर्यंत मी थांबतो. काही सापडलं नाही, तर पाणी त्याचं."

साळूने काटे फुलवले. पण गव्याची कातडी जाड. तो कशाला घाबरतो! एवढ्यात ससा हळूच जवळ येऊन म्हणाला, "मावशी, आज पाणी मिळालं नाही, तर आम्हाला हे रान सोडावं लागेल. पिल्लांना वाट चालवेल की नाही, कोण जाणे." ते ऐकून साळूचे काटे आपोआप खाली बसले. आपण खरे बोलतो आहोत, एवढ्याने त्या पिल्लांचे घसे ओले होणार नव्हते. ती तडक कातळाकडे निघाली.

कातळावर एक घोरपड अंग पसरून ऊन खात पडली होती. साळू एकेक ओळ लक्ष देऊन वाचू लागली. तिसऱ्या ओळीशी येताच ती थबकली. रानडुकराचे शब्द तिथे होते, अगदी जसेच्या तसे! 'मोठे जनावर पाण्यावर आले, की लहानांनी वाट द्यावी...' पण तिथे ओळ संपली नव्हती. उरलेली ओळ घोरपडीच्या पोटाखाली होती.

"घोरपडताई, जरा सरकता का?" साळूने विचारले.

"सरकते की," घोरपड आळसावून म्हणाली. "सकाळी तो रानडुक्करही आला होता. त्यालाही मी विचारलं, सरकू का? तर म्हणाला, नको, मला हवं तेवढं वाचून झालं."

घोरपड बाजूला झाली. साळूने उरलेली ओळ वाचली आणि तिचे डोळे चमकले. तरी ती लगेच धावत सुटली नाही. तिने ती ओळ पुन्हा सबंध वाचली, वरची आणि खालचीही वाचून पाहिली, आणि मगच ती झऱ्याकडे परतली. तिने वाळूवर लिहिले :

'आज लहानांनी आधी प्यावे. कातळावरची तिसरी ओळ अशी आहे : मोठे जनावर पाण्यावर आले, की लहानांनी वाट द्यावी, परंतु उन्हाळ्यात पाणी आटले, की लहानांनी आधी प्यावे व मोठ्यांनी थांबावे. आता उन्हाळा आहे आणि झऱ्याचे डबके झाले आहे. म्हणून आज या ओळीचा दुसरा भाग लागू होतो. रानडुकराने लिहिले ते खोटे नाही, पण ते अर्धेच आहे.'

"ही ओळ हिने मनाने रचली आहे!" रानडुक्कर ओरडला.

साळूने एकही काटा फुलवला नाही. ती शांतपणे म्हणाली, "कातळ तिथेच आहे. चला, तुम्हीच वाचून दाखवा."

सगळे कातळापाशी गेले. रानडुक्कर वाचू लागला. 'वाट द्यावी' इथपर्यंत त्याचा आवाज खणखणीत होता. 'परंतु' आले आणि तो पुटपुटू लागला.

"मोठ्याने!" गवा म्हणाला.

रानडुकराला सबंध ओळ मोठ्याने वाचावी लागली. मग तो मान खाली घालून आपल्या कळपासह झऱ्यापासून दूर झाला. पाणी हळूहळू निवळले, तशी सशाची पिल्ले पुढे आली आणि पोटभर प्यायली. साळू गव्याला म्हणाली, "आजोबा, तुम्हीही सकाळपासून तहानलेले आहात. या ना पुढे."

गवा हसून मागे सरला आणि रानडुकराशेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मीही मोठाच आहे, बाळ. ओळ मलाही लागू होते."

तात्पर्य : आपले उत्तर बरोबर असले, तरी ते कशावरून बरोबर हे दाखवून द्यावे, आणि आधारासाठी ओळ दाखवायची, तर ती पूर्ण वाचून, पूर्ण दाखवावी.