खुंटीला मुजरा

वरिष्ठाविरुद्धची तक्रार वरिष्ठानेच पोचवावी, अशी विलक्षण अट असलेली ही कथा अनेक रूपांत सांगितली जाते. कोठे तिचा नायक माहूत असतो, तर कोठे नायिका राजवाड्यातील धोबीण. स्वयंपाकघरातील रूप त्यांत सर्वांत खमंग. म्हणून तेच येथे दिले आहे.

राजाच्या मुदपाकखान्याचा दारोगा अमृतराव आपले पागोटे दाराजवळच्या खुंटीवर ठेवी. येता-जाता प्रत्येक आचाऱ्याने त्याला मुजरा करायचा. पागोटे धुवायला गेले असेल, तर खुंटीला! चुकेल त्याने डोक्यावर परात घेऊन एका पायावर उभे राहायचे. म्हातारे केरोबा एके दिवशी परातीसकट तिसऱ्यांदा कोसळले.

"उद्या पडलास, तर घरी बस," अमृतराव म्हणाला.

वाटण वाटणारी सगुणा हात धुऊन उठली.

"तक्रार करू नकोस, पोरी," केरोबा कळवळले. "माझा गुडघा गेलाच आहे. तुझी भाकरी तरी राहू दे."

सगुणा उंबऱ्यात घुटमळली. मग तिने कण्हणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिले आणि ती निघालीच.

फिर्यादनवीस तिला म्हणाला, "वरिष्ठाने दरबारात स्वतःच्या तोंडाने सांगितलेली तक्रारच ऐकली जाते. महाराजांचा नियम आहे."

"म्हणजे दारोगासाहेबांची तक्रार दारोगासाहेबांनीच सांगायची?"

"अर्थात. आजवर एकही आलेली नाही. इतका सुखाचा कारभार आहे."

सगुणा परतली आणि तिने खुंटीला दोनदा मुजरा केला.

"दोनदा का गं?" अमृतरावाने विचारले.

"एक आजचा, एक उद्याचा. साहेब, एवढी कडक शिस्त, आणि महाराजांना तिचा पत्ताच नाही? सेनापती चार घोडे वळवतात आणि दरबारात तासभर सांगत बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतरावाने दरबारात खुंटी सांगितली, मुजरा सांगितला, केरोबांचे तिन्ही वेळचे पडणे सांगितले. वर्णन अपुरे वाटले, म्हणून परात डोक्यावर घेऊन तो स्वतः एका पायावर उभा राहिला.

फिर्यादनवीसाने कालची तक्रार कानावर घालताच राजाने सगुणेला बोलावले. "तुझे काय म्हणणे आहे?"

"काहीच नाही, महाराज. माझी तक्रार वरिष्ठांनी नियमाप्रमाणे स्वतःच्या तोंडाने पोचवली. प्रात्यक्षिक त्यांनी आपल्या मनाने जोडले."

राजा इतका हसला की त्याचाच मुकुट घरंगळला. हसू आवरल्यावर त्याने मुदपाकखाना सगुणेच्या हाती सोपवला आणि अमृतरावाला तिच्या पाट्यावर बसवले. सगुणेने केरोबांना बसायला चौरंग दिला आणि खुंटीवर लसणाची माळ अडकवली.