साळूबाईची गंगाजळी

“गंगाजळी दाखवा, नाहीतर आल्या बोटीनं परत जा!” तांबडबेटाच्या बंदरावरचा नाकेदार म्हणाला, आणि साळूबाईचा नवरा भिवा मटकन खालीच बसला.

तसं उभं राहवतच नव्हतं बिचाऱ्याला. चाळीस वर्षं जासूद म्हणून त्यानं डोंगर तुडवले, लोकांच्या चिठ्ठ्याचपाट्या पोचवल्या. आता गुडघ्यांनी साफ हात टेकले होते. वैद्य म्हणाला होता, “तांबडबेटावर गरम पाण्याचे झरे आहेत. तिथंच राहून रोज शेक घ्या, तर चालाल. नाहीतर जन्मभर खाट धराल.” म्हणून घरदार लेकाच्या हवाली करून दोघं समुद्र ओलांडून आलेली.

पण जसे झरे गरम, तसा तिथला राजाही गरम. अडेलसिंह त्याचं नाव, आणि नावाला जागणारा. परमुलखातले म्हातारे झऱ्यापायी येतात आणि शेवटी आपल्या अन्नछत्रात जेवतात, हे त्याला खुपायचं. म्हणून त्यानं बंदरावर पाटी लावली: ‘साठी उलटलेल्या ज्या कोणास या बेटावर राहणे असेल, त्याने आपली गंगाजळी दाखवावी.’ पण लोक काय कमी बेरकी? कुण्या सावकाराची मोहरांची एकच पेटी भाड्यानं आणून सात म्हातारे ओळीनं दाखवून गेले. तेव्हा राजानं खाली वाढवलं: ‘ती भरलेली असावी, आणि गेल्या तीन महिन्यांत तिला हात लागलेला नसावा.’

साळूबाईनं ही पाटी नाकेदाराकडून दोनदा वाचून घेतली. मग बोचकं सोडलं आणि लुगड्यात गुंडाळलेला, तोंड लाखेनं बंद केलेला तांब्याचा गडू त्याच्यापुढे ठेवला.

“ही घ्या. सासूबाईंनी काशीहून आणलेली. गळ्यापर्यंत भरलेली आहे. आणि तीन महिने कसले, तीस वर्षांत कुणी बोट लावलेलं नाही.”

नाकेदारानं गडू कानाशी धरून हलवला. आतून डुबुक आवाज आला.

“अहो बाई, यात पाणी आहे.”

“मग गंगाजळीत काय ताक असतं?”

नाकेदार एकदा पाटीकडे बघतो, एकदा गडूकडे. गंगाजळी म्हणजे साठवलेला पैसा, हे त्याला ठाऊक होतं. पण गंगेच्या पाण्याच्या गडूलाही गंगाजळीच म्हणतात, आणि तसा गडू त्याच्या आजीच्या देवघरात त्यानं पाहिलेला. काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं भिवाला हमालाच्या पाठीवर घातलं आणि दोघांना दरबारात नेलं.

राजानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “बाई, गंगाजळी म्हणजे मोहरा.”

“मग पाटीवर मोहरा लिहायचं होतं, महाराज. कुणी नको म्हटलं होतं?”

प्रधानजी लगेच टाक घेऊन पुढे सरसावले. राजा त्यांच्यावर डाफरला, “ठेवा तो खाली. मी लिहिलेलं खोडत नसतो.” मग मिशीला पीळ देऊन तो साळूबाईला म्हणाला, “बरं, गंगाजळी तर गंगाजळी. पण ती माझ्या गंगाजळीपेक्षा सरस आहे असं दाखवून दे. दिवस मावळायच्या आत! नाही जमलं, तर बोट उभीच आहे.”

सगळा दरबार खो खो हसला. राजाच्या खजिन्याला सात दारं होती हो! भिवानं हळूच साळूबाईचा पदर ओढला. “चल गं साळू. धरतो मी खाट.”

ते ऐकून तिला असा संताप आला म्हणता! एवढा समुद्र ओलांडून आणलेला नवरा खाटेला बांधायला परत न्यायचा?

“तुम्ही गप बसा,” ती त्याला म्हणाली आणि राजाकडे वळली. “महाराज, पारख पाटीवरच्याच नियमानं ना?”

“अर्थात.”

“मग खजिनदारांना विचारते. महाराजांची गंगाजळी भरलेली आहे का हो?”

खजिनदार खोकला. “आहे. म्हणजे, होती. गेल्या महिन्यात महाराजांची साठीशांत झाली ना. तेव्हा सगळ्या हत्तींना मखमलीची अंगडी शिवली.”

“बरं, मग?”

“हत्तींना रंग आवडला नाही. म्हणून पुन्हा दुसरी शिवली.”

“म्हणजे गंगाजळीला हात लागला.”

“हात कसला बाई, कोपरापर्यंत गेला.”

साळूबाईनं पदर खोचला. “माझी भरलेली, महाराजांची उपसलेली. आता सरस कुठली ते दरबारानंच सांगावं. आणि पाटीवर ‘ज्या कोणास’ असं लिहिलंय. साठी तर महाराजांचीही उलटली. नाकेदार, बोट कधी सुटते म्हणालात?”

राजाचा चेहरा लालबुंद झाला. लिहिलेलं खोडता येईना आणि मानताही येईना.

“म्हणजे मी माझ्याच बेटावरून चालता होऊ?”

“चालते कशाला व्हाल? नाकेदार, नवराबायकोला दोन गंगाजळ्या लागतात का?”

“छे, घरटी एक पुरते.”

“मग झालं तर! महाराज, मला पाठचा भाऊ नाही. आजपासून तुम्ही माझे भाऊ. एक घर, एक गंगाजळी. राहा खुशाल माझ्या गडूवर.”

राजाच्या मिशा थरथरल्या. आता हा भडकतो की काय म्हणून प्रधानजी खांबाआड गेले. पण राजा पोट धरून असा हसायला लागला की मुकुट घरंगळून मांडीवर आला.

“पक्की आहेस गं! भाऊ केलास, म्हणजे तुमचं घर, तुमचं जेवणखाण, सगळं माझ्याच गळ्यात.”

“मग? माहेरी आलेल्या बहिणीला ‘काय घेऊन आलीस’ असं कुठला भाऊ विचारतो?”

“हरलो बाई, हरलो,” राजा डोळे पुसत म्हणाला. “अरे, बघताय काय? झऱ्याकाठचं कौलारू घर उघडा, रोजचा शिधा लावून द्या, आणि आधी मेहुण्यांना पालखी आणा.”

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत भिवा मांडीभर गरम पाण्यात आपल्या पायांवर उभा होता. तांबडबेटाचा राजा काठावर पाय सोडून बसला होता आणि घडीघडी विचारत होता, “मेहुणे, पाणी फार कढत नाही ना?”