केसाएवढा पाहुणा

पोट दुखलं की गाय करकरा दात खाते. तो आवाज मी फार पूर्वी ऐकला, कवडी गाईचा.

कवडी रोज धुतलेली, निवडक चारा खाणारी. पोटात रोगजंतूंशी लढणाऱ्या राखणदारांना शत्रूच दिसेना, म्हणून ते चवताळून आतड्यावरच तुटून पडले. शेणातून रक्त जाई. वासराला दूध उरलं नाही.

चिखलात लोळणारी डुकरीण कधी आजारी पडत नसे. कवडी तिच्याकडे उपाय विचारायला गेली.

"कालपर्यंत माझा वारासुद्धा चालत नव्हता की, बाई!" डुकरीण हसली. "आता खा माझ्या चिखलातला पाला."

वासरासाठी कवडीनं डोळे मिटून खाल्ला. पाल्याबरोबर केसाएवढा एक जंत आत गेला. राखणदार धावून आले.

"बाबांनो, मला राहायला घर हवं," जंत हळूच म्हणाला, "आणि तुम्ही तर भिंतीच पाडताय."

राखणदारांनी वळून पाहिलं. सगळीकडे आपल्याच घराची पडझड. ते गुपचूप खाली बसले.

आग निवली, पान्हा फुटला. एवढ्याशा जिवानं हे केलं!

मग चिखलाकाठी जाऊन कवडीनं पहिल्यांदाच हाक मारली, "आक्का!"

डुकरिणीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि आपला वारा तिला लागू नये अशा बेतानं पिलांना घेऊन निघून गेली.