पोटात आरवणारा कोंबडा

एक होता राजा. हसू नका रे, राजा म्हणजे कोंबडा! समुद्राकाठच्या एका गावात फिलूबाय राहायची, तिचा हा लाडका कोंबडा. तिच्या हातूनच दाणे खायचा.

शेजारी होती जासिंतबाय. तिच्या वाडीत हा राजा रोज घुसायचा आणि वांग्याची रोपं उकरायचा. एकदा काय झालं, जासिंतबायने रागाने लाकूड भिरकावलं. घाबरवायला हं, मारायला नाही. पण ते नेमकं लागलं आणि राजा गेला बिचारा!

आता सरळ जाऊन सांगावं की नाही? पण बाईची बोबडीच वळली. मग तिने राजाला गुपचूप हंडीत घातलं. वर रश्शाला नारळ आणला, तोही फिलूबायकडूनच मागून! आणि खाल्लं की मिटक्या मारत.

संध्याकाळी फिलूबाय "राजा, राजा" करत शोधायला निघाली. जासिंतबायही निघाली बरं का, साळसूदपणे! म्हणाली, "मुंगसाने नेला असेल गं." तेवढ्यात तिच्या पोटातून आवाज आला, "कुकूच कू!" तिने घाईघाईने खोकल्याचं सोंग केलं.

तेव्हापासून तोंड उघडलं की आधी कुकूच कू, मग शब्द. बाई पार चक्रावली. त्यात दुसऱ्याच दिवशी फिलूबाय दारात. "रविवारी नातीचा बाप्तिस्मा आहे. धर्ममाता तूच हो." आता आली का पंचाईत! धर्ममातेने देवळात सगळ्यांसमोर बाळाच्या वतीने फादरना उत्तरं द्यायची, आणि तिथे कोंबडा आरवला तर?

मग तिने क्रुसापुढे मेणबत्ती लावली. "देवा, चूक झाली." कुकूच कू! मग तिने शुक्रवारचा उपास धरला. उपाशी पोटात मेला आणखीच जोरात आरवला. मग ती फादरकडे पापनिवेदनाला गेली. "फादर, कुकूच कू, चूक झाली."

"कुणाच्या हातून?"

"कुकूच कू, झाली म्हणजे... झाली."

फादर म्हणाले, "बाय, देव माफ करायला तयारच आहे. पण चूक काय आपोआप होते? केली कुणी, नुकसान कुणाचं झालं, ते तरी सांगशील?"

जासिंतबाय उठून पळालीच! तिला काही सुचेना. मेणबत्ती झाली, उपास झाला, आता देवाला आणखी हवंय तरी काय? पाय मात्र आपसूक फिलूबायच्या दाराशी गेले.

"फिलू, कुकूच कू, मुंगूस नव्हतं गं ते. मी मारला तुझा राजा. मीच खाल्ला." आणि ती ढसाढसा रडायला लागली. पोट एकदम गप्प.

फिलूबाय म्हणाली, "ठाऊक आहे मला. नारळ कुणी दिला होता? वास आला की रश्शाचा!"

"मग मला धर्ममाता कशाला केलंस?"

"राग आला होता गं. तुझं तोंड बघू नये असं वाटलं. पण देवाकडे माझ्यासाठी माफी मागायला बसले की तूच डोळ्यांसमोर. मग करणार काय? माफ तर केव्हाच केलं होतं. तू यायचीच खोटी होती."

दोन धपाटे घातले असते, तर जासिंतबायला कळलं असतं. हे काही तिच्या डोक्यात शिरेना. ती नुसती फिलूबायचा हात धरून बसली.

मग रविवारी फादरनी विचारलं, "सैतानाचा त्याग करतेस ना?" तिने भीत भीत तोंड उघडलं. "होय, करते." अगदी स्वच्छ! आणि तेवढ्यात बाहेर, देवळाच्या भिंतीवर, "कुकूच कू!" फिलूबाय धावत गेली, तर राजा! तिच्या हातून दाणे मागत होता.

तो परत कसा आला म्हणता? मला काय विचारता, जासिंतबायलाही ते कधी कळलं नाही. पण तिने वांग्यांची एक रांग राजाला उकरायला सोडून दिली, आणि दोन्ही घरं सुखात राहिली.

चला, पांघरूण घ्या आता. आणि ताईचा लाडू कुणी खाल्ला, ते सकाळी तिला सांगून टाका. मघाशी कुणाच्या तरी पोटातून आवाज आला मला.