फुकटचा वाकस

फार पूर्वी एका तळ्याच्या काठी सुतारांचं एक गाव होतं. तळं एवढं मोठं, की पहाटे पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नसे. त्यात लहान लहान बेटं होती. गावचे सुतार बेटांवर ये-जा करणाऱ्या होड्या बनवत. त्यांच्यात सगुणा नावाची एक सुतारीण होती. तिची होडी शेजारून गेली तरी झोपलेली बदकं जागी होत नसत.

एका वर्षी तळ्याच्या पूर्वेला नवा घाट झाला. पांढऱ्या पायऱ्या, कमानीवर दिवे. घाटाचा मालक गावात आला आणि प्रत्येक सुताराला लाकूड तासायचा एकेक वाकस देऊ लागला. किंमत विचारली तर हसून नको म्हणे. गावचा लोहार पिराजीही वाकस घडवायचा, पण त्याचं मोल फार होतं. साहजिकच सगळ्यांनी फुकटचा घेतला. सगुणानंही घेतला.

वाकस खरोखर छान होता. त्याचं पातं असं वळवलेलं, की लाकूड लोण्यासारखं खोलगट निघे. त्यानं बनलेल्या खोल पोटाच्या होड्या नव्या घाटाच्या खोल पाण्यात अलगद लागत. माणसंही तिकडेच जाऊ लागली. बेटांचे जुने घाट ओस पडले.

एका सकाळी सगुणा नव्या होडीतून बहिणीच्या बेटाकडे निघाली. काठ जवळ आला आणि होडीचं पोट गाळात रुतलं. बहीण तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन काठावर उभी होती. मध्ये दहा हात चिखल. दोघी दुपारपर्यंत लांबूनच बोलल्या. मग सगुणा तशीच मागं फिरली. भाचीचा चेहरा तिला नीट दिसलाही नाही.

ती थेट घाटाच्या मालकाकडे गेली आणि तिनं विचारलं, "वाकस फुकट का दिलात?"

मालक खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "वाकस विकून मला काय मिळणार होतं, बाई? होडी लागते तिथं माणसं येतात. आणि होडी कुठं लागणार, ते वाकसाचं वळण ठरवतं."

सगुणानं वाकस त्याच्यासमोर ठेवला आणि ती पिराजीकडे गेली. सरळ पात्याच्या वाकसासाठी तिनं वर्षभर त्याचा भाता ओढला. लोक तिला वेडी म्हणाले. पण तिच्या सपाट तळाच्या होड्या नव्या घाटालाही लागत आणि उथळ बेटांनाही.

पुढं मालकानं दवंडी पिटली, की घाटाला लागणाऱ्या प्रत्येक होडीनं निम्मं उतारू-भाडं घाटाला द्यावं. सुतार कुरकुरले, पण त्यांच्या होड्यांना दुसरा काठच उरला नव्हता. मग एकेक जण सगुणाच्या अंगणात येऊन बसू लागला. तिनं कुणालाही टोमणा मारला नाही. सपाट तळ कसा तासायचा ते दाखवलं आणि पिराजीकडे धाडलं.

हळूहळू होड्या बेटांकडे वळल्या. मालक निम्म्याऐवजी भाड्याचा फक्त विसावा हिस्सा घेऊ लागला. आता तो रोज स्वतः पायरीवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक होडीला रामराम करी, कारण तिला निघून जाता येत होतं.

तात्पर्य: फुकटचं हत्यार हाती घेण्याआधी विचारावं, की त्यानं घडवलेली वस्तू कुणाकुणाच्या दारी जाऊ शकेल.